ऑर्डर आली, गिऱ्हाईक गेलं

लहान बोटी बांधणाऱ्या कारखान्यांचे जुने फोटो मी तासन्‌तास बघत बसते. शांततेच्या काळातला फोटो असेल तर शेडमध्ये बहुधा एकच बोट दिसते, तीही अर्धी. फासळ्या उभ्या आहेत, एका अंगाला फळ्या चढल्यात, खाली रंध्यातून निघालेल्या कुरळ्या सालपटांचा ढीग. कडेला हात मागे बांधून एक माणूस उभा असतो. त्याचे कपडे सुताराचे नसतात. तो गिऱ्हाईक. बोट त्याची आहे, म्हणून मधूनमधून येऊन बघून जातो आणि दरवेळी काहीतरी बदल सुचवतो.

१९४३ सालचा फोटो घेतला तर तिथे एकाला एक लागून बोटींची रांग असते. सगळ्या सारख्या, सगळ्यांचा रंग एकच. कामावर बायका आहेत, वयस्कर माणसं आहेत, मिसरूड न फुटलेली पोरं आहेत. तो हात मागे बांधलेला माणूस तेवढा कुठे दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने छोट्या बोट-कारखान्यांचं उत्पादन वाढवलं की घटवलं, असं विचारलं तर आकडे वाढलं म्हणून सांगतात, आणि ते खोटं नाही. पण किती बोटी झाल्या एवढंच मोजलं तर त्या कारखान्यांच्या वाट्याला काय आलं ते कळत नाही. त्यांची खरी पुंजी म्हणजे तो माणूस आणि त्याच्याशी वर्षानुवर्षं घातलेला वाद. युद्धाने ती पुंजी एका दमात खर्च केली. कामही मोठं झालं, ते मी नाकारत नाही. पण पुंजी पुन्हा भरायला कुणी उरलं नाही, आणि अनेक कारखाने बुडाले ते युद्धात नाही, तहानंतर.

न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू जॅक्सन हिगिन्सची गोष्ट यात सगळ्यांत मोठी. हा मुळात लाकडाचा व्यापारी. लुइझियानातल्या दलदलीत, तिकडे ज्याला बायू म्हणतात त्या संथ आणि उथळ पाण्यात, सापळे लावून जनावरांची कातडी मिळवणारे शिकारी हिंडत आणि तेल शोधणाऱ्यांची माणसं हिंडत. पाण्याखाली बुडालेले ओंडके, मधेच वाळूचे उंचवटे, वर जलपर्णीचा जाड थर. प्रॉपेलर एकदा तिच्यात गुंतला की बोट जागच्या जागी. धक्का नाही, जेट्टी नाही. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सरळ काठाच्या चिखलात घालायची, माणसं-सामान उतरवायचं आणि इंजिन उलटं फिरवून बाहेर पडायचं, हा रोजचा धंदा.

या लोकांसाठी हिगिन्सने 'युरेका' नावाची बोट केली. प्रॉपेलर तळाखाली लोंबता न ठेवता तळातच कोरलेल्या खोलगट बोगद्यात घेतला. नाळेच्या टोकाला पाइनचा एक भरीव ठोकळा बसवला. सगळ्या बोटीत तोच भाग सर्वांत दणकट. त्याच्या जोरावर बोट भर वेगात तरंगत्या ओंडक्यांवरून पार होई, काठावर चढे आणि जशी चढली तशी मागे सरके.

त्या ठोकळ्यापाशी मी नेहमी थबकते. टेबलावर बसून बोटीचा आराखडा करणाऱ्याला नाळ निमुळती, देखणी, पाणी कापणारी हवी असते. तिथे लाकडाचा ठोकळा बसवावा असं सुचायला कुणीतरी नाक फुटलेली बोट ओढत कारखान्याच्या दारात यावं लागतं. त्याने चिडावं लागतं. पैसे परत मागायची भाषा करावी लागते. छोटा कारखाना शिकतो तो असा, एकेका फुटक्या बोटीमागे. हे शिक्षण भयंकर सावकाश चालतं आणि त्याचा कुठे हिशेब राहत नाही.

१९३८ च्या सुमारास हिगिन्सकडे एकच कारखाना होता आणि कामगार पंचाहत्तरच्या आसपास. पाच वर्षांनी कारखाने सात झाले होते आणि कामगार वीस हजारांच्या वर गेले होते. महिन्याला सातशेहून जास्त बोटी बाहेर पडत. युद्ध संपेपर्यंत एकट्या हिगिन्सने २० हजारांवर बोटी बांधल्या. सप्टेंबर १९४३ मध्ये अमेरिकी नौदलाकडे लहानमोठी मिळून १४,०७२ जलयानं होती, त्यांतली १२,९६४ हिगिन्सच्या आराखड्यांवर बांधलेली होती. दलदलीतल्या शिकाऱ्यांनी भांडून भांडून घडवलेली बोट नॉर्मंडीच्या किनाऱ्याला लागली, पॅसिफिकमधल्या बेटांना लागली.

नौदलाला ती सुरुवातीला नको होती, हे विसरता कामा नये. त्यांच्या जहाजबांधणी खात्याचे स्वतःचे आराखडे होते आणि न्यू ऑर्लिन्सच्या एका बोटवाल्याने आपल्याला शिकवावं हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मरीन दलाला मात्र हिगिन्सची बोट हवी होती, कारण किनाऱ्यावर उतरायचं होतं ते त्यांना. १९४२ मध्ये रणगाडे उतरवायच्या बोटींची समोरासमोर चाचणी झाली, तेव्हा उधाणलेल्या पाण्यात खात्याची बोट बुडता बुडता राहिली आणि हिगिन्सची नीट गेली. युद्धखर्चाची तपासणी करणाऱ्या सिनेटर ट्रूमन यांच्या समितीने त्यावरून खात्याचे कान उपटले.

पुढचा उघडणारा दरवाजाही आधी नव्हता. युरेकातून उतरायचं म्हणजे सैनिकाने पाठीवरच्या ओझ्यासकट काठावरून उडी टाकायची, तीही गोळीबारात. व्हिक्टर क्रुलॅक या तरुण मरीन अधिकाऱ्याने १९३७ मध्ये शांघायपाशी जपानी 'दायहात्सू' बोटींचे फोटो काढले होते. त्यांची नाळच खाली पडून उतरण, म्हणजे रॅम्प, व्हायची. ते फोटो बरीच वर्षं दप्तरात पडून राहिले. अखेर १९४१ मध्ये हिगिन्सपर्यंत ही कल्पना पोहोचली आणि त्याच वर्षी मे महिन्यात पॉन्टचारट्रेन सरोवरात रॅम्पवाल्या बोटीची चाचणी झालीसुद्धा. इतक्या वर्षांचा घोळ आणि मग काही दिवसांत काम तडीस! वापरणारा माणूस कारागिरासमोर येऊन उभा राहिला की काय होतं ते इथे दिसतं. माझ्या मते तो मरीन अधिकारी हे त्या कारखान्याचं जुन्या अर्थाने शेवटचं गिऱ्हाईक.

त्यानंतर बोट ठरून गेली. लांबी ३६ फुटांच्या किंचित वर, रुंदी जवळजवळ ११ फूट, पुढची बाजू पाण्यात जेमतेम सव्वादोन फूट. ३६ सैनिक किंवा एक जीप आणि १२ माणसं. बाजू प्लायवूडच्या, रॅम्प तेवढा पोलादी. आता बदल म्हणजे खोळंबा, म्हणून बदल नको. तळाचं काम सोयीचं व्हावं म्हणून सांगाडा पालथा ठेवून बांधायचा, मग उलटून पुढच्या टप्प्याला ढकलायचा. पूर्वी एक सुतार बोटीची सगळी कामं करी. आता कामाचे एवढाले तुकडे झाले की ज्याने कधी पटाशी हातात धरली नव्हती त्यालाही एक तुकडा थोड्या दिवसांत शिकवता येई.

त्यातून एक चांगली गोष्टही झाली. वर्णभेद कायद्याने पाळला जायचा त्या शहरात हिगिन्सने स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने घेतले आणि सारख्या कामाला सारखा पगार दिला. ज्यांना कारागिरीच्या धंद्याने दारातही उभं केलं नसतं, त्यांच्या हाती पगाराचं पाकीट पडलं. जुन्या कारागिरीबद्दल कितीही हळहळ वाटली तरी हे विसरून लिहिणं मला जमणार नाही. एका बोटीवर तीन महिने घालवणाऱ्या त्या सुंदर शेडमध्ये यांतल्या बहुतेकांना जागा नव्हती.

मात्र गिऱ्हाईक आता एकच होतं, आणि ते पत्राने बोलत असे. मार्च १९४२ मध्ये हिगिन्सला २०० लिबर्टी जहाजांचं, म्हणजे युद्धकाळात घाऊक बांधल्या जाणाऱ्या मालवाहू जहाजांचं, कंत्राट मिळालं. त्यासाठी नवं यार्ड उभारायचं काम धडाक्यात सुरू झालं. जुलैत कंत्राट रद्द. कारण काय, तर पोलाद नाही. ज्याच्याकडे शंभर गिऱ्हाइकं असतात त्याचं एक फिरलं तर धंदा थोडा डगमगतो. ज्याचं गिऱ्हाईक एकच, त्याला फक्त उत्तराची वाट बघायची असते.

मालाची गोष्ट सगळीकडे तीच होती. तांबं आणि पितळ काडतुसांकडे गेलं, त्यामुळे बोटीच्या फळ्यांना तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी खिळे आले. जपानने १९४२ मध्ये फिलिपिन्स घेतलं तेव्हा मनिला दोरखंडाचा मुख्य पुरवठाच तुटला. ब्रह्मदेश गेला आणि बर्मा सागवानही गेलं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९३९ पासून लाकडावर सरकारी नियंत्रण होतं, परवान्याशिवाय लाकूड नाही. म्हणजे हौशी माणसाची बोट बंद करायला तिच्यावर बंदी घालायचीही गरज नव्हती, लाकूड अडवलं की पुरे.

पण ब्रिटनमध्ये लाकडी बोटींना एकाएकी मोल आलं ते वेगळ्याच कारणाने. जर्मन चुंबकीय सुरुंग. वरून जाणाऱ्या पोलादी जहाजाच्या चुंबकत्वानेच तो फुटे. नोव्हेंबर १९३९ मध्ये असा एक सुरुंग इंग्लंडच्या किनाऱ्यावर शूबरीनेसच्या चिखलात अख्खा सापडला आणि त्याचं गुपित कळलं. मग सुरुंग वेचायला लाकडी नौका हव्या झाल्या. त्या कोण बांधणार? मोठ्या गोद्या पोलादात गुंतलेल्या. तेव्हा खाड्यांच्या तोंडाशी याच्टी, म्हणजे हौशी लोकांच्या शिडाच्या नौका, आणि मच्छीमार बोटी बांधत बसलेली घरगुती यार्डं शोधून काढण्यात आली. ज्यांचा धंदा कालबाह्य ठरत चालला होता त्यांच्याच दारात ॲडमिरल्टीचे, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या खात्याचे, कागद येऊन पडले.

ही यार्डं इतकी गुंतली की नौदलाला तयार बोटींसाठी लोकांकडे वळावं लागलं. १४ मे १९४० ला बीबीसीवरून आदेश वाचला गेला, की ३० ते १०० फूट लांबीच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या बोटींच्या मालकांनी १४ दिवसांत तपशील कळवावा. चौदा दिवस पुरते व्हायच्या आत डंकर्क सुरू झालं, म्हणजे फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना समुद्रमार्गे परत आणायची मोहीम. टेम्सवर टेडिंग्टनला डग्लस टफ यांचं यार्ड होतं. त्यांनी नदीवरून शंभराहून जास्त बोटी गोळा करून पुढे धाडल्या. कुठली बोट कुणाची, कुठे बांधलेली, समुद्रात टिकेल की नाही, हे यार्डवाल्यांना तोंडपाठ असायचं. २६ मे ते ४ जून या दिवसांत ३,३८,२२६ सैनिक परत आणले गेले. त्यांतले बहुतेक मोठ्या जहाजांतून आले हे खरं, पण उथळ किनाऱ्यावरून जहाजापर्यंत पोहोचायला लहान बोटच लागत होती.

मग नोएल मॅक्लिन यांची फेअरमाइल योजना आली. मॅक्लिन मोटारी बनवणारे. त्यांचं म्हणणं असं, की गस्तीची बोट एका जागी बांधायची कशाला? सुटे भाग फर्निचरच्या कारखान्यांकडून करून घ्यावेत, त्यांचा पूर्ण संच लहान यार्डाकडे पाठवावा आणि यार्डाने तो जोडावा. फेअरमाइल 'बी' ही ११२ फुटी बोट अशीच झाली. प्लायवूडच्या फासळ्या आधीच कापून, खाचा पाडून येत. वर महॉगनीच्या फळ्यांचे दोन तिरपे थर, एकमेकांना छेद देणारे, मधे कापड. साधारण साडेसहाशे बोटी निघाल्या. ब्रिटनबाहेर कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथेही बांधल्या गेल्या. न्यूझीलंडने बारा बांधल्या.

योजना अफलातून होती. ज्या यार्डाने आयुष्यात चाळीस फुटांपलीकडे काही बांधलं नव्हतं तेही ११२ फुटी युद्धनौका पाण्यात सोडू लागलं. पण त्या संचाबरोबर यार्डातून एक काम नाहीसं झालं, आणि त्याबद्दल मला सावकाश सांगायचंय.

जुन्या यार्डात बोट आधी जमिनीवर काढत. माडीवरच्या लांबच लांब लाकडी जमिनीला रंग द्यायचा आणि तिच्यावर बोटीच्या रेषा खऱ्या मापाने आखायच्या. लांब लवचीक पट्टी घ्यायची, खिळ्यांच्या आधाराने वाकवायची, मग गुडघ्यावर बसून, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून बघायचं. कुठे टेंगूळ आलंय, कुठे किंचित खोलगा पडलाय, ते मोजपट्टीच्या आधी डोळ्याला कळतं. खिळा काढायचा, पट्टीला जिकडे जायचंय तिकडे जाऊ द्यायची, पुन्हा बघायचं. आराखड्यातलं माप एक सांगतंय आणि पट्टी दुसरं सांगतेय अशा वेळी पट्टीचं ऐकायचं, हे धाडस यायला वर्षं जातात. आणि ते पोरांना तोंडी शिकवता येत नाही, उस्तादाशेजारी गुडघे टेकूनच शिकावं लागतं.

संच आला की हे सगळं कुणीतरी दुसऱ्याने, दुसरीकडे, एकदाच करून ठेवलेलं असे. १९४० मध्ये चौदाव्या वर्षी कामाला लागलेला पोरगा डोळ्यांपुढे आणून बघा. पाच वर्षांत त्याने किती हजार स्क्रू पिळले असतील, किती फळ्या बसवल्या असतील! हात तयार झाला असेल, वेग आला असेल. पण कोऱ्या जमिनीवर रेघ ओढायची वेळ त्याच्यावर आली नसेल. त्या यार्डाच्या उत्पादनात एकही बोट कमी पडली नाही, उलट वाढल्या. जे कमी पडलं त्याचा रकाना कुठल्याच वहीत नव्हता.

असं पहिल्यांदा झालं असंही नाही. पहिल्या महायुद्धात एल्को या अमेरिकी कंपनीने ब्रिटनसाठी पाणबुड्यांवर नजर ठेवणाऱ्या ५५० मोटर लाँच ४८८ दिवसांत दिल्या. अमेरिका तेव्हा तटस्थ होती, म्हणून भाग अमेरिकेत घडवायचे आणि जोडणी कॅनडात करायची अशी युक्ती काढली होती. पुढच्या युद्धात याच एल्कोच्या ८० फुटी टॉर्पेडो बोटी पॅसिफिकमध्ये गाजल्या. १९४९ मध्ये एल्कोचा न्यू जर्सीतल्या बायोनचा कारखाना बंद झाला. ऱ्होड आयलंडच्या ब्रिस्टलमधली हेरेशॉफ कंपनी १८७८ पासूनची, अमेरिका कपच्या शर्यती जिंकणाऱ्या याच्टी तिच्या हातच्या. युद्धभर तिने नौदलाच्या बोटी बांधल्या आणि युद्ध संपताच तिचंही काम संपलं. हिगिन्सचंही तेच. १९४५ च्या अखेरीस कामगार संघटनांशी तंटा, कारखान्यांना टाळं. नंतर त्याने नव्याने सुरुवात केली, पण तो विस्तार परत आला नाही. १९५२ मध्ये तो वारला.

यात कुणाचा नालायकपणा होता असं मला वाटत नाही. वीस हजार कामगारांना पुरेल एवढे शिकारी आणि तेल शोधणारे लुइझियानात कधीच नव्हते. पंचाहत्तर माणसांच्या कारखान्याला वीस हजारांचा करता येतं, ते युद्धाने करून दाखवलं. वीस हजारांचा पुन्हा पंचाहत्तरांचा करणं कितीतरी कठीण. शेड मोठी, यंत्रं मोठी, संघटना मोठी, देणी मोठी, आणि एकेका माणसाशी बोलून बोट ठरवायची सवय गेलेली.

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक मुद्दा मात्र जोरकस आहे. युद्धाने फक्त खर्च केला, भर काहीच टाकली नाही, असं म्हणणं अन्याय होईल. पाण्याला दाद न देणारा रेसॉर्सिनॉल गोंद १९४३ मध्ये आला आणि प्लायवूडची बोट खऱ्या अर्थाने भरवशाची झाली. ग्रुमन ही लढाऊ विमानं करणारी कंपनी. तिचे एक अधिकारी १९४४ मध्ये सुटीवर गेले असता जड डोंगी खांद्यावरून वाहून मेटाकुटीला आले, आणि पुढच्या वर्षी कंपनीने विमानांच्या ॲल्युमिनियमची डोंगी काढली. इंग्लंडमध्ये फेअरी या विमान कंपनीतून निघालेल्या शाखेने साच्यात पातळ लाकडी पट्ट्या भाजून 'फायरफ्लाय' नावाची शिडाची होडी केली. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये पॉल एल्व्हस्ट्रोम या विशीतल्या डॅनिश तरुणाने तिच्यावरच आपलं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. साध्या पगारदार माणसाला होडी परवडू लागली ती या गोंदामुळे आणि प्लायवूडमुळे, हे मी आनंदाने मान्य करते. फक्त ही भर पडली ती बहुतांशी विमानवाल्यांच्या हातून, रसायनवाल्यांच्या हातून. ज्या यार्डांनी युद्धात कंबर कसली त्यांच्या पदरात ती आपोआप पडली नाही.

म्हणून या सगळ्यात मला ब्रिटिश ॲडमिरल्टीचा एक निर्णय मनापासून भावतो. बंदरांत सामान आणि माणसं पोहोचवायला लाकडी नौका हव्या होत्या. त्या मच्छीमार बोटींच्या धाटणीवर बांधायच्या, म्हणजे युद्ध संपल्यावर मच्छीमारांना विकता येतील, असं युद्ध चालू असतानाच ठरलं. ६१ फूट ६ इंच, ७५ फूट, ९० फूट अशा मापांच्या त्या 'मोटर फिशिंग व्हेसल'. बाँब पडताहेत, लाकडाची टंचाई आहे, आणि कुणीतरी आराखड्यात उद्याच्या मासळीचा विचार करतोय! लहान यार्डांना तर हे काम ओळखीचंच होतं. १९४५ मध्ये किनारी मासेमारीचा कायदा झाला आणि बोट घ्यायला अनुदान आणि कर्ज मिळू लागलं. मच्छीमार पैसे घेऊन आले, कुणाला व्हीलहाऊस, म्हणजे सुकाणूची खोली, हवं होतं वेगळ्या घडणीचं, कुणाला इंजिन दुसरं. स्कॉटलंडमधल्या बकी, फ्रेझरबर्ग, सेंट मोनन्स इथली यार्डं त्यानंतर कितीतरी वर्षं लाकडी मासेमारी बोटी बांधत होती.